वायरिंग बदलणं हे ‘किरकोळ काम’ नाही: इमारतमालक, सल्लागार आणि मुख्य ठेकेदारांना खुलं पत्र

इमारतींचे मालक, त्यांचे सल्लागार आणि मुख्य ठेकेदार यांस,

स. न. वि. वि.

एका जुन्या इमारतीच्या नूतनीकरणाची कागदपत्रं नुकतीच माझ्या हातात आली. विद्युत कामाच्या अटींमध्ये एक कलम आहे. भिंती पाडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी होईल, मात्र वायरिंग बदलणे हे ‘किरकोळ स्वरूपाचे काम’ असल्याने त्यासाठी वेगळ्या तपासणीची आवश्यकता नाही, असा त्याचा आशय. हे कलम एकाच ठेकेदाराचं असतं तर मी त्याच्याशीच बोललो असतो. पण शब्द थोडे इकडेतिकडे करून हेच मी इतरांच्या कागदांतही वाचलं आहे, आणि जिथे लिहिलेलं नव्हतं तिथे ते धरून चाललेलं पाहिलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघडपणे.

मी इलेक्ट्रिशियन आहे. काम शिकलो ते जुन्या इमारतींत, आणि आज माझ्या हाताखालची मुलंही तिथेच शिकताहेत. कोणत्या मुलाने कोणत्या खोलीत शिडी लावायची हे मी ठरवतो. त्या खोलीच्या छतात काय आहे हे मात्र मला कुणी सांगत नाही. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीची आहे.

‘किरकोळ’ म्हणजे आम्ही काय करतो, ते आधी सांगतो. भिंत पाडणारे येतात तेव्हा धूळ उडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. खोली रिकामी केली जाते, प्लॅस्टिकचे पडदे लागतात. आम्ही येतो तेव्हा इमारत चालू असते. खाली टेबलावर माणूस काम करत बसलेला असतो आणि आम्ही त्याच्या डोक्यावरची फॉल्स सिलिंगची टाइल सरकवून आत शिरतो. भिंतीत झिरी मारायची, स्क्रूच्या गिट्टीसाठी भोकं पाडायची, पार्टिशनमधून केबल पलीकडे काढायची, जुनी कंड्युट, म्हणजे वायरींची नळी, उपसायची, डीबी, म्हणजे वीज वाटणारा बोर्ड, उतरवून नवी चढवायची. एकेक काम दहा-वीस मिनिटांचं असतं. पण प्रत्येकात काहीतरी कापलं जातं, घासलं जातं, फोडलं जातं, आणि बहुतेक वेळा आमचं तोंड त्या भोकाच्या बरोबर खाली असतं.

ॲस्बेस्टॉस हे बारीक तंतूंचं खनिज, पण त्याचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छपराचा सिमेंटचा पत्रा येतो. खरं तर तो पत्रा त्यातल्या त्यात सभ्य. त्यात ॲस्बेस्टॉस साधारण १० ते १५ टक्के, आणि तेही सिमेंटात घट्ट बसलेलं. कुणी त्यावर ग्राइंडर चालवला नाही, तो फुटला किंवा झिजला नाही, तर तो फार काही हवेत सोडत नाही. आमची गाठ पडते ती दुसऱ्या प्रकारांशी. आगीपासून बचाव म्हणून लोखंडी तुळयांवर फवारलेल्या थरात ॲस्बेस्टॉसचं प्रमाण ५५ ते ८५ टक्क्यांपर्यंत असतं आणि नुसतं बोट लागलं तरी त्याचा भुगा होतो. आम्हाला नेमका त्याच तुळईला क्लॅम्प लावून केबल ट्रे टांगायचा असतो. पार्टिशन, डक्टची दारं, छताच्या टाइल यांसाठी वापरलेला इन्सुलेशन बोर्ड दिसायला साध्या बोर्डासारखाच असतो. रंग मारला की अनुभवी माणसालाही फरक ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. वाफेच्या आणि गरम पाण्याच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, तर ज्या शाफ्टमधून आमची केबल वर चढते त्याच शाफ्टमध्ये असतं.

शिवाय काही ॲस्बेस्टॉस थेट आमच्याच सामानात आहे, आणि हे तुमच्या सल्लागारांपैकीही अनेकांना माहीत नसतं. जुन्या किटकॅट फ्यूजच्या चिनी मातीच्या खोबणीत ठिणगी अडवण्यासाठी बसवलेली पांढरट विणलेली पट्टी ॲस्बेस्टॉसची असू शकते. जुन्या डीबीमागचा उष्णतारोधक फळा, स्विचगिअरमधले ठिणगी विझवणारे आर्क शूट, गरम होणाऱ्या दिव्यांच्या मागचा कागदी थर, तापणाऱ्या जागी वापरलेल्या वायरींचं आवरण, केबल भिंतीतून जाते तिथे आग अडवायला ठासलेली दोरी किंवा लगदा, जमिनीखालच्या सिमेंटच्या केबल नळ्या, या सगळ्यांत त्याचा वापर झालेला आहे. कारण उघड आहे. ते जळत नाही, वीज वाहू देत नाही आणि स्वस्त होतं. विजेच्या कामाला याहून सोयीचं काय असणार?

जुन्या पॅनेलची देखभाल कशी होते तेही तुम्ही पाहिलं असेल. शटडाउनला, म्हणजे वीज बंद ठेवायला, वेळ कमी, म्हणून ब्लोअर लावून आतली धूळ उडवून द्यायची. खोली धुरकट होते, मग सगळे बाहेर जाऊन उभे राहतात आणि धूळ ‘बसल्यावर’ परत आत येतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बसते. पण धोकादायक तंतू इतके बारीक असतात की ते कित्येक तास हवेत तरंगत राहतात. त्यांना वास नसतो, त्यांनी लगेच खोकला येत नाही. साइटवर कुणी आजारी पडत नाही आणि म्हणून साइट सुरक्षित आहे असं तुम्हाला वाटतं.

आजार येतो तो मागाहून. श्वासावाटे आत गेलेले लांब तंतू फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींना गिळता येत नाहीत. ते तिथेच राहतात आणि वर्षानुवर्षं दाह चालू ठेवतात. त्यातून फुप्फुस कडक होत जाणारा ॲस्बेस्टोसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा होतो. मेसोथेलिओमाचं निदान झाल्यावर बहुतेक रुग्ण दोन वर्षंही काढत नाहीत. संपर्क आणि निदान यांच्यात साधारण २० ते ५० वर्षं जातात. म्हणजे विशीत शिडीवर चढलेला मुलगा पन्नाशीत किंवा साठीत आजारी पडतो. तोवर ठेकेदाराची कंपनी बंद झालेली असते, इमारत दोनदा विकलेली असते. ज्यांनी कलम लिहिलं त्यांना त्याचा परिणाम कधीच पाहावा लागत नाही.

‘हे पांढरं ॲस्बेस्टॉस आहे, ते तितकं वाईट नाही,’ हेही मला ऐकवलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्या क्रायसोटाइलसह सगळे प्रकार माणसात कर्करोग निर्माण करणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत. निळं आणि तपकिरी जास्त घातक, हे खरं. म्हणून पांढरं फुप्फुसात घ्यावं असं होत नाही. पुरे झालं त्यावर.

‘तुमचा संपर्क तो किती?’ हा दुसरा प्रश्न. याचं उत्तर माझ्याकडे अंदाजाने देण्याची गरज नाही. २००९ साली ब्रिटनमध्ये साथरोगतज्ज्ञ ज्युलियन पेटो यांच्या गटाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४० च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीच्या आधी दहा वर्षांहून जास्त काळ त्या त्या कामात असलेल्या पुरुषांमध्ये मेसोथेलिओमाचा आयुष्यभराचा धोका किती, ते त्यांनी काढलं. सुतारांमध्ये १७ जणांत एक. प्लंबर, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन यांच्यात ५० जणांत एक. ही माणसं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात नव्हती. ती घरं, शाळा, दवाखाने, कार्यालयं यांत आपापलं साधं काम करत होती. तिथल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेला पुढे कारागिरांसाठी स्वतंत्र मोहीम काढावी लागली आणि त्यात तिने सांगितलं की दर आठवड्याला सरासरी २० कारागीर ॲस्बेस्टॉसमुळे मरतात, त्यांतले ६ इलेक्ट्रिशियन असतात. ब्रिटनने शेवटचा उरलेला प्रकार १९९९ मध्ये बंद केला. तरीही २००० च्या आधी बांधलेल्या कुठल्याही इमारतीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, असं धरूनच तिथे काम करावं लागतं. मग ज्या देशांत बंदी उशिरा आली किंवा अजून आलेलीच नाही, तिथल्या इमारतींबद्दल काय धरायचं, ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्देसूद तक्रारी.

पहिली तक्रार त्या ‘किरकोळ’ शब्दाबद्दल, आणि ती वर सांगून झाली. तपासणी लागते की नाही हे कामाची रक्कम किती यावरून ठरू नये. पृष्ठभाग फोडला जाणार आहे का, एवढंच त्यासाठी बघायचं.

दुसरी तक्रार अशी की अहवाल दिलाच तर चुकीचा दिला जातो. इमारत नेहमीच्या वापरात असताना केलेली वरवरची पाहणी निराळी आणि नूतनीकरणाआधी बोर्ड उघडून, डक्ट फोडून, छतात शिरून केलेली तपासणी निराळी. पहिल्या प्रकारात तपासणारा माणूस जे सहज दिसतं तेवढंच पाहतो. त्या अहवालाची शेवटची पानं कधी वाचली आहेत का? तिथे यादी असते: छताच्या वरचा भाग, प्रवेश मिळाला नाही. लिफ्टशेजारचा शाफ्ट, कुलूप होतं. मुख्य पॅनेलची मागची बाजू, वीज चालू असल्याने उघडली नाही. ही यादी म्हणजे जवळजवळ आमच्या कामाच्या जागांची यादी आहे. जिथे तपासणारा गेला नाही तिथे ॲस्बेस्टॉस आहे असंच धरायचं असतं, हा या कामातला सर्वमान्य नियम. तुमच्या कार्यालयात मात्र त्या पानांचा अर्थ ‘तिथे काही सापडलं नाही’ असा लावला जातो, आणि दुसऱ्या दिवशी आमचा मुलगा टॉर्च घेऊन तिथे जातो.

तिसरी शटडाउनची. ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असलेल्या जागी कोरडं ड्रिल मारू नये, पृष्ठभाग ओला करावा, म्हणजे तंतू उडत नाहीत. हे प्रत्येक मार्गदर्शिकेत असतं. पण वीज चालू असलेल्या पॅनेलशेजारी पाणी मारा, असं आम्हाला कोण सांगणार? ओलं काम करायचं तर आधी वीज बंद करून, कुलूप लावून, तपासून घ्यावी लागते. तुम्ही शटडाउन देत नाही, दिलाच तर अपुरा देता. त्यामुळे आमच्यापुढे दोनच वाटा उरतात, एकीत विजेचा झटका आणि दुसरीत कोरडी धूळ. बाकीच्या कारागिरांना हा पेच पडत नाही, तो खास आमच्या वाट्याचा आहे, आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नमुना यादीत तो सापडत नाही.

चौथी मास्कची. कापडी किंवा साधा कागदी मास्क या तंतूंना अडवत नाही. त्यासाठी वरच्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी घेतलेला मास्क लागतो. दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. आणि समजा ड्रिल मारणाऱ्याला योग्य मास्क दिला, तरी शिडी धरून उभा असलेला हेल्पर, नंतर झाडू मारायला येणारी बाई, दुसऱ्या दिवशी रंगकाम करायला येणारा, यांचं काय? मास्क हा सगळे उपाय करून झाल्यावरचा शेवटचा उपाय आहे. तुमच्या कागदात तो पहिला आणि एकमेव आहे.

कपड्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ही धूळ साइटवर थांबत नाही. अंगावरच्या कपड्यांतून ती घरी जाते. कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून नोंदलेली आहेत. त्या कधीच कुठल्या साइटवर गेल्या नव्हत्या.

शेवटची तक्रार नोंदींची. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांना उतारवयात दम लागू लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठे कुठे काम केलंत आणि कशात? त्यांना इमारती आठवत होत्या, मजलेही आठवत होते. भिंतीत काय होतं ते त्यांना तेव्हाही कुणी सांगितलेलं नव्हतं, मग आता काय सांगणार? कागद एकही नव्हता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना बजावलं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर जपली पाहिजे. निकाल मोलाचा आहे, पण तो उद्योगातल्या कामगारांचा. इलेक्ट्रिशियन कुठल्याच ॲस्बेस्टॉस उद्योगात नसतो. तो एका साइटवर चार दिवस, दुसरीवर आठवडाभर, तिसरीवर अर्धा दिवस असतो, आणि म्हणून कुणाच्याच वहीत नसतो.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. तपासणीला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. जो ठेकेदार प्रामाणिकपणे तपासणीचा खर्च धरतो तो बाहेर फेकला जातो. यावर उपाय ठेकेदाराच्या हातात नाही, मालकाच्या हातात आहे. निविदा काढण्याआधी मालकानेच तपासणी करून अहवाल सगळ्यांना सारखा दिला, तर कुणालाच त्यावर पैसे वाचवून दर पाडता येणार नाही. हे कुठेच होत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून घरं सोडून इतर इमारतींत ॲस्बेस्टॉस शोधणं, नोंदवणं आणि तिथे काम करायला येणाऱ्याला कळवणं ही इमारत सांभाळणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत १९८० किंवा त्याआधीच्या इमारतीतलं उष्णतारोधक आवरण आणि फवारलेला थर ॲस्बेस्टॉसचाच मानला जातो. तो तसा नाही हे तपासून सिद्ध करणं मालकावर असतं. तुमच्याकडे मात्र ‘नाही’ असं गृहीत धरलं जातं आणि ‘आहे’ हे आमच्या फुप्फुसाने सिद्ध करायचं.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. जुन्या इमारतीत वायरिंग, डीबी, केबल ट्रे किंवा दिव्यांचं कोणतंही काम निघालं, तर त्या त्या जागेची फोडून केलेली तपासणी आधी व्हावी. तिचा खर्च मालकाने करावा आणि अहवाल निविदेसोबत जोडावा.

२. अहवाल कार्यालयातल्या कपाटात न राहता शिडीपर्यंत पोचावा. कोणत्या मजल्यावर, कोणत्या भिंतीत, कोणत्या पॅनेलमागे काय आहे, हे नकाशावर खूण करून, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत आणि काम सुरू करण्याआधी. जिथे तपासणी झाली नाही तिथे आम्हाला पाठवू नये.

३. संशयास्पद काही दिसलं तर काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येक इलेक्ट्रिशियनला आणि हेल्परला असावा. नमुन्याचा निकाल येईपर्यंत त्याची मजुरी चालू राहावी. मजुरी कापली जाणार असेल तर रोजंदारीवरचा मुलगा कधीच थांबणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

४. जे काढायचं आहे ते प्रशिक्षित पथकाने, जागा बंदिस्त करून, आमच्या आधी काढावं. आम्हाला ‘तेवढी एक टाइल काढून घ्या’ असं सांगू नये.

५. अशा जागी पुरेसा शटडाउन द्यावा. ब्लोअर, कोरडा झाडू आणि कोरडं ग्राइंडिंग यांवर बंदी असावी. त्याऐवजी अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर असलेला व्हॅक्यूम साइटवर असावा आणि कामाचे कपडे घरी न्यावे लागू नयेत.

६. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या सामानाजवळ काम करत होता याची नोंद ठेवावी, ती ४० वर्षं जपावी आणि तिची एक प्रत त्या कामगाराला द्यावी. ठेकेदार बदलला तरी मालकाकडे ती राहिली पाहिजे.

७. आणि ते ‘किरकोळ स्वरूपाचे काम’ असलेलं कलम, या निविदेतून आणि पुढच्या सगळ्यांतून, काढून टाकावं.

यांतली दुसरी आणि सातवी मागणी मान्य करायला तुम्हाला जवळजवळ काहीच खर्च नाही. तेव्हा त्यांपासून सुरुवात करायला हरकत नसावी. उरलेल्यांपैकी जी शक्य नाही असं वाटेल तिच्यापुढे तसं कारणासह लिहावं, त्यावर बोलायला आम्ही येऊ.

ज्या कामाच्या कागदांवरून हे पत्र निघालं त्याचे इलेक्ट्रिशियन अजून साइटवर उतरलेले नाहीत. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत माझ्या हाताखालचं कुणी तिथे शिडी लावणार नाही, हे मी संबंधितांना लेखी कळवलं आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला,
एक इलेक्ट्रिशियन